सात एप्रिलची नळी

१

फ्रीझरचं दार उघडलं आणि मला मांसबाजाराचा वास आला.

इस्पितळात रक्ताचा वास रोजचाच. त्याचं मला काही वाटत नाही. पण हा वास इस्पितळातला नव्हता. इथं फरशी पुसायला आणि काचसामान धुवायला लागण्याआधी तीस वर्षं मी बाजारात बसून दिनुगुआन विकलं. डुकराच्या रक्ताचं कालवण. आमच्या बेटावर त्याच्याशिवाय लग्नाचं जेवण होत नाही आणि मयताचंही नाही. पहाटे कत्तल झाली की गरम रक्तात माडीचा आंबट शिरका ओतायचा आणि हात न थांबवता ढवळत राहायचं, म्हणजे गाठी धरत नाहीत. तो वास माझ्या नखांत मुरलेला आहे. तोच वास आता डॉक्टर विलारिकोंच्या फ्रीझरमधून येत होता.

आदल्या दुपारपासून वीज नव्हती आणि जनरेटरला डिझेल नव्हतं. सकाळी सातला मी आले तेव्हा लॅबच्या फरशीवर पाणी साचलं होतं. आत पुठ्ठ्याच्या खणांत चाळीस नळ्या उभ्या होत्या, प्रत्येकीला चांदीचा कागद गुंडाळलेला. एकीचं बूच निघालं होतं आणि तिच्यातून लालसर काहीतरी गळत होतं. मी ती उचलली, नाकाशी धरली. रक्त, शिरका, आणि त्यामागे आणखी एक गोडसर वास. तो मला ओळखता येईना.

नळीत बाईचं रक्त असायला हवं होतं.

बाळंतपणाच्या आधीच्या महिन्यांत काही बायांचं प्रेशर चढतं, पाय सुजतात, डोकं ठणकतं. डॉक्टर त्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. एखादीचं थोडक्यात निभावतं, एखादी झटके येऊन जाते. कुणाचं काय होणार हे आधी कळावं म्हणून डॉक्टर विलारिकोंचं संशोधन होतं. गर्भाच्या वारेतून आईच्या रक्तात दोन द्रव्यं उतरतात. आजार वाढला की एक चढतं, दुसरं घसरतं. त्यांचं प्रमाण मोजून डॉक्टर निळ्या कागदावर लिहून देत, हिला धोका आहे किंवा नाही. त्या कागदावर बेटावरची माणसं देवासारखा विश्वास ठेवत.

पेर्पेतुआनेही ठेवला होता. 'चार आठवडे भीती नाही' असा निळा कागद उशाखाली ठेवून ती ईस्टरनंतरच्या सोमवारी झटके येऊन गेली. परवाच तिचा नववा दिवस झाला. मुख्य परिचारिका ग्लिसेरियाने घरून पातेलंभर दिनुगुआन करून आणलं होतं. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि तिच्या हाताला चव आहे असं सगळ्यांसमोर म्हणाले.

मी नळीवरची चिठ्ठी वाचली. वाचायला मी पन्नाशीनंतर शिकले, म्हणून अजूनही अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचते. छापील अक्षरं होती. लिओनिला सुम्बिलोन. सात एप्रिल.

लिओनिला वर वॉर्डात होती. बावीस वर्षांची, आठवा महिना. काल डोकं धरून आली होती आणि आज दुपारी तिला घरी सोडणार होते. कारण तिच्याकडेही निळा कागद होता.

२

"मानांग सांता, कशाला हात लावू नका!" लॅबचा तंत्रज्ञ तेओदुलो दारातूनच ओरडला. मोठ्या वयाच्या बाईला आमच्याकडे मानांग म्हणतात, पोराला तोतो, पोरीला इंदाय.

"लावून झाला. आता तूही लाव. आणि वास घे."

तेओदुलो तिशीचा, काटकुळा, सतत नखं खाणारा. लॅबमध्ये दिवसभर तो एकटाच असतो, म्हणून मला पहिला संशय त्याचाच आला, हे खोटं कशाला सांगू? त्याने नळी घेतली, चांदीचा कागद सोलला आणि उजेडात धरली.

"ही लाल आहे," तो म्हणाला.

"रक्त लालच असतं, तोतो."

"तसं नाही हो! इथं लाल काही ठेवतच नाहीत. बाईचं रक्त आलं की ते गोठू द्यायचं, मग यंत्रात गरागरा फिरवायचं. लाल खाली बसतं आणि वर पिवळं पाणी येतं, खोबरेल तेलासारखं. ते पिवळं तेवढं काढून गोठवायचं. तपासणी त्याची होते." त्याने दुसरी नळी सोलली, तिसरी सोलली. सगळ्या लाल. "देवा रे. हे कुणा गाढवाचं काम आहे?"

"तुझं नाही?"

तो भडकला. "माझं असतं तर पिवळं नसतं का भरलं? चोरी करायची तर नीट तरी केली असती!"

बोलणं उर्मट होतं, पण त्यात तथ्य होतं. हे काम रक्त काढण्यापलीकडे ज्याला काही ठाऊक नाही अशा माणसाचं, किंवा ज्याने लॅबमध्ये कधी पाऊल टाकलं नाही अशाचं.

"चाव्या कुणाकडे आहेत?"

"एक डॉककडे. एक ग्लिसेरिया मॅमकडे, कारण संशोधनाचं रक्त त्याच काढतात, वॉर्डात आणि डोंगरातल्या वस्त्यांवर. आणि परवापासून एक सोसिमोकडे. मनिलाची माणसं येणार आहेत. सोमवारी नळ्या मोजून पेटीत घालून बोटीने न्यायच्या आहेत. मला या फ्रीझरची चावी कधी दिलीच नाही. काल वीज गेल्यावर सोसिमोने कुलूप काढून ठेवलं, तुम्हाला पुसता यावं म्हणून."

"मग या नळ्या तपासल्या कुणी?"

"मनिलात तपासतात ना. इथं ते यंत्र नाही." बोलता बोलता त्याची नखं तोंडातच राहिली. "पण मानांग, नळ्या तर अजून इथंच आहेत."

आम्ही दोघे त्या चाळीस नळ्यांकडे बघत राहिलो. एकही नळी बेट सोडून गेली नव्हती. मग चाळीस निळे कागद आले कुठून?

"तोतो, लिओनिलाचं रक्त आत्ता तपास. तुझ्या यंत्रावर जे काही कळतं ते."

"डॉकच्या सहीशिवाय? नोकरी जाईल माझी."

"आणि तिचं काय जाईल?"

तो नळ्या खणांत परत लावू लागला. मी नळी ॲप्रनच्या खिशात टाकली आणि बाहेर पडले. साडेआठ वाजले होते. इलोइलोची बोट दोनला सुटते. मोठं इस्पितळ तिकडे, समुद्रापलीकडे. ती चुकली की दुसरी उद्या दुपारी.

३

सोसिमो इस्पितळाची गाडी चालवतो. घरी सहा डुकरं पाळतो. एवढं पुरेसं होतं. मी त्याला गाडीखाली गाठलं. फक्त पाय बाहेर दिसत होते.

"सोसिमो, तुझ्या डुकरांचं रक्त कुठं जातं रे?"

"आली का सकाळी सकाळी पोलीस?" तो खालूनच म्हणाला. "माझ्या बायकोच्या सळईवर भाजलं जातं. अख्खं गाव धक्क्यावर उभं राहून खातं. तू सोडून. तुला तिच्या धंद्याची जळजळ."

"शिरका घालतोस त्यात?"

तो सरपटत बाहेर आला. तोंडावर ऑइल, कपाळावर आठ्या. "म्हातारपणी डोकं फिरलं काय तुझं? शिरका घातला तर रक्त गोठेल कसं? गोठलं नाही तर वड्या कशा पडतील? तीस वर्षं काय चिखल विकत होतीस?"

ते मला माहीतच होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. भाजायच्या वड्यांसाठी रक्त गोठवतात, कालवणासाठी पातळ ठेवतात. सोसिमोच्या घरचं रक्त शिरका न घातलेलं असतं. आणि सकाळी फुकट मिळणारं घरचं रक्त सोडून तो शिरका घातलेलं दुसऱ्याचं आणायला कशाला जाईल?

मी त्याला सगळं सांगितलं. तो गाडीच्या पायरीवर बसला.

"सांता," तो हळूच म्हणाला, "परवा डॉकने मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीवर बस म्हणाले. वीस वर्षांत कुणी बस म्हणालं नव्हतं. म्हणाले, सोमवारी पेटीत बर्फ अर्धाच भर, पेटी जड होते, तुझी पाठ दुखते. मला वाटलं, काय देवमाणूस आहे."

"अर्ध्या बर्फावर नळ्या मनिलापर्यंत पोचतील?"

"इलोइलोपर्यंतसुद्धा नाही. नासतील."

"आणि नासल्या तर कुणी नासवल्या?"

सोसिमो थुंकला. थुंकी बुटावर पडली तरी त्याने पुसली नाही. मनिलाच्या माणसांना मोजायला चाळीस नळ्या दिसल्या असत्या. पुढे त्या वाटेत सडल्या असत्या, आणि म्हाताऱ्या ड्रायव्हरचा निष्काळजीपणा म्हणून फाइल बंद झाली असती. म्हणूनच आत काय भरलंय याची कुणी फिकीर केली नव्हती.

म्हणजे डॉक्टर. पण मला ते पटेना. डॉक्टर विलारिको रुमालाशिवाय दाराची मूठ धरत नाही. तो बाजारात जाऊन रक्ताची बादली उचलेल? आणि तो गोडसर वास? माझ्या खिशात नळी होती आणि मी चालले की तो वास सोबत चालत होता.

४

लिओनिला खाटेवर कुशीला वळून पडली होती. चेहरा एवढा सुजलेला की डोळे आत गेले होते.

"मानांग, ट्यूब बंद करा ना. डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"ट्यूब बंदच आहे, इंदाय. वीज कुठाय?"

ती हाताने उजव्या बरगडीखाली दाबत होती. मी विचारलं तर म्हणाली, रात्रीपासून दुखतंय, पित्त असेल.

"तुझं रक्त कुठल्या दिवशी घेतलं ग, संशोधनासाठी?"

"घेतलंच नाही. ग्लिसेरिया मॅम वस्तीवर आल्या होत्या मार्चमध्ये. आम्ही कुणीच दिलं नाही. रक्त शहरात नेऊन विकतात असं म्हणत होते सगळे. नंतर कागद आला घरी. मला वाटलं, रक्ताशिवायही कळतं काहीतरी."

"सात एप्रिलला कुणी आलं नव्हतं?"

तिने मोजलं. मग त्या सुजलेल्या चेहऱ्यावर हसू आलं.

"मानांग, तो गुड फ्रायडे होता! त्या दिवशी सुई? आईने मला नखंसुद्धा कापू दिली नाहीत. सुरी लपवून ठेवली होती. भात तेवढा केला."

मी खाटेवर बसले. गुड फ्रायडेला देव मेलेला असतो. त्या दिवशी झालेली जखम भरत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दिवशी कुणी दाढी करत नाही, कोंबडी कापत नाही. डोंगरातली गरोदर बाई त्या दिवशी दंड पुढे करेल आणि बेटावरची परिचारिका सुई खुपसेल, हे कधी घडायचं नाही. खोटं लिहायचं असलं तरी बेटावरच्या माणसाच्या हातून ती तारीख लिहिली जाणार नाही.

"काय गप्पा चालल्यात?"

डॉक्टर विलारिको आत आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात स्टेथोस्कोप, तोंडभर हसू. राजधानीत वाढलेला माणूस. पवित्र आठवड्यात तो समुद्रकिनाऱ्याच्या हॉटेलात असतो, तिथले फोटो सगळ्यांना दाखवतो.

"डॉक, हिला काजवे दिसतायत. बरगडीखाली दुखतंय. तिचं रक्त एकदा बघा."

"बघितलंय की, मानांग. दोन आठवड्यांपूर्वीच. प्रमाण उत्तम आहे. चार आठवडे काही होत नाही." त्यांनी लिओनिलाच्या गालावर टिचकी मारली. "गोळीने प्रेशरही उतरलंय. घरी जा, मीठ कमी खा. बारा वाजता सोडतो."

त्याला ठाऊक होतं की तिचं रक्त कधी कुणी पाहिलेलं नाही. ठाऊक असून त्याने गालावर टिचकी मारली.

५

अकराला परिचारिका जेवतात. ग्लिसेरियाने मला हाक मारली. "या मानांग, बसा. सुकट आहे."

पन्नाशीची ग्लिसेरिया गोल चेहऱ्याची, गळ्यात जपमाळ घालणारी. गावातल्या प्रत्येक मयताला तीच प्रार्थना सांगते. माझ्या गुडघ्यांसाठी तिने तीन वेळा मलम आणलंय. मी तिच्यासमोर बसले. तिने भात वाढला आणि बाटली पुढे सरकवली. तिच्या घरच्या शिरक्याची. लसूण, मिरच्या आणि तळाशी चक्रीफूल. गावात शिरक्यात चक्रीफूल कुणी घालत नाही. त्यावरून तिची सगळे थट्टा करतात.

तिने बूच काढलं.

वास आला आणि माझा हात खिशातल्या नळीवर गेला. शिरका आणि चक्रीफूल.

"काय झालं? परवा तर बोटं चाटत होतात," ती हसली. "पेर्पेतुआच्या नवव्या दिवशी दोन वाट्या..."

"किती रक्त आणलं होतंस त्या दिवशी?" वयाने मी मोठी असले तरी मी तिला कायम मॅम आणि तुम्ही म्हणत आले. त्या क्षणी ते तोंडातून निघेना.

"म्हणजे?"

"बाजारातून किती आणलंस? एका पातेल्याला लागतं तेवढंच की जास्त?"

मी नळी काढून तिच्या ताटाशेजारी ठेवली. मग तिने बाटलीचं बूच लावलं, हळूहळू फिरवत, जणू तेवढं केलं की सगळं नीट होईल.

"बायका रक्त देत नव्हत्या, मानांग," ती म्हणाली. "डोंगर चढून चढून माझे पाय गेले. मी डॉकना सांगितलं. ते म्हणाले, राहू दे, कागदाचं मी बघतो. मला काय ठाऊक ते काय लिहितायत."

"कागद कुणी वाटले?"

"मी."

"चाळीस जणींना?"

"सगळ्या बऱ्याच होत्या तेव्हा!" तिचा आवाज चढला. "मग मनिलाची माणसं येणार म्हणून कळलं. डॉकनी चिठ्ठ्या लावलेल्या रिकाम्या नळ्या दिल्या. म्हणाले, भर. कशाने भरू विचारलं तर म्हणाले, लाल दिसलं म्हणजे झालं. माझ्या मुलीला परदेशात नर्स म्हणून जायचंय, त्यांच्या सहीचं पत्र लागतं. मी कुणाला मारलं नाही, मानांग. डुकराचंच तर रक्त होतं."

"आणि शिरका?"

"गोठायला लागलं होतं. सिरिंजमध्ये ओढता येईना. घरात होता तोच ओतला."

मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "ही तारीख वाच."

तिने चष्मा लावला. वाचलं आणि छातीवर क्रूस काढला. "येशू, मारिया! हे मी नाही लिहिलं. त्या दिवशी मी कात्रीसुद्धा हातात घेत नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर सकाळपासून एकाच माणसाला शोधत होते आणि सापडत नव्हता. नळ्या भरणाऱ्याला तारखा ठाऊक नव्हत्या आणि तारखा लिहिणाऱ्याला आपला गुड फ्रायडे ठाऊक नाही. तू चिठ्ठ्या वाचल्या नाहीस?"

"नाही. वाचवेनात." तिने चष्मा काढला. "एकच वाचली. शेवटची. पेर्पेतुआची होती."

"मग?"

"मग काही नाही. भरली. अर्धी बादली उरली होती. एवढं रक्त टाकून द्यायचं? नववा दिवस होता, लोक जेवायला येणार होते..."

मला उठावं लागलं. नळाशी जाऊन ओकले. दोन वाट्या परवाच बाहेर पडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तोंड धुऊन परत आले तेव्हा ती तशीच बसली होती, भातात बोटं.

"ऊठ," मी म्हणाले. "एक नळी खरी भर."

६

ग्लिसेरियाला शीर पहिल्या खेपेला मिळाली. लिओनिलाने विचारलं, "दुखणार नाही ना?" तेओदुलो सोबत उभा होता. नोकरीचं तो काहीच बोलला नाही. नुकतीच वीज आली होती. त्याने नळी गोठू दिली आणि यंत्रात घातली. यंत्र घोंघावत राहिलं आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले.

नळी बाहेर आली. खाली लाल बसलं होतं. वर खोबरेल तेलासारखं पिवळं पाणी यायला हवं होतं, ते गडद गुलाबी होतं. मांस धुतलेल्या पाण्यासारखं.

"सुई नीट लागली नसली तरी असं होतं," तेओदुलो म्हणाला. "दुसऱ्या हाताचं घ्या."

दुसऱ्या हाताचं घेतलं. तेही गुलाबीच.

"म्हणजे रक्त आतल्या आत फुटतंय," तो म्हणाला आणि पुढचे आकडे त्याने मोठ्याने वाचले. प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, चोपन्न हजार होत्या. लिव्हरचा आकडा चाळिसाच्या आसपास हवा, तो सहाशे दहा होता. युरिक ॲसिड दुप्पट. "मानांग, हिचं पित्त नाही. लिव्हर सुजलंय. आज बाळ काढलं नाही तर..."

बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आम्ही डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो. एसी चालू होता. ते मनिलाच्या पाहुण्यांना दाखवायची चित्रं लॅपटॉपवर बघत होते. मी आकड्यांचा कागद ठेवला आणि त्याशेजारी नळी.

"ही चाचणी कुणाच्या परवानगीने झाली?" त्यांनी तेओदुलोला विचारलं.

"माझ्या," मी म्हणाले.

ते हसले. "मानांग, या वयात वाचायला शिकलात, फार कौतुक वाटतं. पण अक्षर वाचणं वेगळं आणि रिपोर्ट वाचणं वेगळं."

"बरोबर आहे. मला फक्त नाव आणि तारीख वाचता येते. सात एप्रिलला लिओनिलाचं रक्त कुणी काढलं?"

"ग्लिसेरियाने. सगळ्यांचं तीच काढते."

"त्या दिवशी पहाटेपासून मी मिरवणुकीत होते, डॉक," मागून ग्लिसेरिया म्हणाली. ती दारात उभी होती आणि तिच्या मागे सोसिमो. "मेलेल्या येशूच्या मूर्तीमागे अनवाणी. अख्ख्या गावाने पाहिलंय. गुड फ्रायडे होता."

डॉक्टरांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागचा माणूस निघून गेला. चिठ्ठ्यांवरच्या तारखा म्हणजे सहा मार्चपासून चौदा एप्रिलपर्यंत चाळीस दिवस, रोज एक बाई, कॅलेंडरवरून ओळीने उतरवलेली. रविवारही सोडला नव्हता.

"बर्फ पूर्ण भरू की अर्धा, डॉक?" सोसिमोने विचारलं.

मी नळीचं बूच काढलं. त्यांनी रुमाल नाकाला लावला.

"लावू नका रुमाल. तुमच्या संशोधनाचा वास आहे. तिला इलोइलोला हलवायचा कागद द्या. सही करा."

त्यांनी रुमालाआडून घड्याळ पाहिलं, दार पाहिलं, आम्हा चौघांना पाहिलं. मग पेन उचललं आणि अगदी हळू आवाजात, बाजारात भाव करावा तसं विचारलं, "सही केली तर हे इथंच संपेल ना?"

वर एक बाई मरायला टेकली होती आणि हा माणूस घासाघीस करत होता. चाळीस नळ्यांचा वास सहन झाला होता मला. हा झाला नाही.

"सही करा," मी म्हणाले.

त्यांनी सही केली.

ग्लिसेरियाने झटके रोखायचं इंजेक्शन दिलं. सोसिमोने गाडी धक्क्यापर्यंत अशी नेली की वाटेतल्या कोंबड्या झाडावर चढल्या. दोनची बोट त्याच्या बायकोने सळया आडव्या धरून सात मिनिटं अडवून ठेवली. लिओनिलाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अर्ध्या वाटेत तिने विचारलं, "मानांग, कागद खोटा होता का?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मी तो मढवून लावणार होते."

संध्याकाळी मुलगी झाली, माझ्या दोन पंजांत मावेल एवढी. लिओनिला आठ दिवस नळ्यांत होती. नंतर जेवायला मागितलं.

त्या आठवड्यात तेओदुलो आणि सोसिमो निळ्या कागदाच्या बायका शोधत डोंगरभर फिरले. अकरा जणींना खाली आणावं लागलं. दोघींना बोटीने पाठवलं. ते पोचले तेव्हा एकीला जाऊन तीन दिवस झाले होते, शेजारणी नवव्या दिवसाचं बोलत होत्या. तिच्या घरातही तो कागद होता, देवाच्या चित्राशेजारी टाचलेला.

मनिलाची माणसं आली. त्यांनी नळ्या मोजल्या, वासही घेतला. चौकशी झाली. डॉक्टर विलारिकोंनी प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिला. आता शहरात त्यांचा स्वतःचा दवाखाना आहे आणि भिंतीवर गरोदर बाईचं हसरं चित्र. ग्लिसेरियाची नोकरी गेली. मयतांना प्रार्थना सांगायला लोक अजूनही तिलाच बोलावतात. आवाज चांगला आहे म्हणतात.

ऑक्टोबरमध्ये लिओनिलाच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. मी डोंगर चढून गेले. तिच्या आईने अंगणात चूल मांडली होती. मला पहिली वाटी आणून दिली, काळसर, वाफाळलेली, वर हिरवी मिरची. सगळे बघत होते. तीस वर्षं मी जे विकलं, ते दिनुगुआन माझ्या हातात होतं.

"साध्या शिरक्याचं आहे, मानांग," लिओनिला हळूच म्हणाली. "मी स्वतः ढवळलंय."

मी वाटी नाकापर्यंत नेली आणि खाली ठेवली. मग पोरीला मागितलं. तिला खांद्यावर घेतलं आणि तिच्या मानेचा वास घेत बसले, जेवणं होईपर्यंत.